जिन्यातलं मामे-लोशन

१९६०च्या दशकात इस्राएलमधल्या बेरशेवाच्या शिकूनमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठी सरकारने बांधलेल्या इमारतींमध्ये, वाढलेल्या आम्हा मुलांना आज्यांची वाण कधी पडली नाही. स्वतःची एक घरात असायचीच, शिवाय जिन्यात मजल्यागणिक एकेक. आमच्या जिन्यात तळाशी मराकेशचं कुटुंब, पहिल्या मजल्यावर मुंबईचं माझगाव सोडून आलेले आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, समोरच्या दारात पोलंडमधल्या लोद्झ शहराचं एक जोडपं, आणि आमच्या डोक्यावर चेर्नोवित्सची बोबे. बोबे म्हणजे आजी. दारावरच्या पाटीवर तिचं आडनाव होतं, पण जिन्यातल्या सगळ्यांसाठी, अगदी पोस्टमनसाठीसुद्धा, ती बोबेच होती.

सकाळी शाळेची घंटा झाली की आम्हा सगळ्यांची भाषा हिब्रू व्हायची. दुपारी घरी परतलो की प्रत्येक दारातून वेगळी भाषा आणि वेगळा वास बाहेर यायचा. तळमजल्यावरून अरबी आणि फ्रेंच, आमच्याकडून मराठी, वरून यिडिश आणि तिच्यात मिसळलेली थोडी रुमानियन. नेगेवचं ऊन असं की दुपारभर खिडक्यांच्या झडपा लावून घ्यायच्या. गारवा काय तो जिन्यात. म्हणून आम्ही जिन्यातच खेळलो, जिन्यातच भांडलो, आणि एकमेकांच्या आज्यांच्या भाषा आम्हाला कुणी न शिकवता जिन्यातच येत गेल्या.

आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात बोबे ताटलीत लेकेख, म्हणजे मधाचा केक, घेऊन खाली आली आणि माझ्या आजीशी यिडिशमध्ये बोलायला लागली. आजीने मराठीत उत्तर दिलं. बोबेने तेच पुन्हा सावकाश आणि मोठ्याने विचारलं. शेवटी माझ्या वडिलांनी मोडक्यातोडक्या हिब्रूत सांगितलं की आम्हाला यिडिश येत नाही. बोबे आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत राहिली. यहुदी आहेत आणि यिडिश येत नाही, हे तिला उमजेना.

त्यात तिची काही चूक नव्हती. ‘यिड’ म्हणजे यहुदी माणूस आणि ‘यिडिश’ म्हणजे जे जे त्याचं ते: त्याचं जेवण, त्याचं गाणं, त्याची भाषा. आपल्या ‘यहुदी’ शब्दाच्या तळाशी जो यहूदा आहे तोच जुन्या जर्मनमधून घासत घासत ‘यिड’ झाला. माणसाला आणि त्याच्या बोलण्याला एकच नाव असलं की यिडिश न बोलणारा यहुदी म्हणजे न बोलणारा माणूसच वाटणार. बेरशेवात, लोदमध्ये, दिमोनात, अश्दोदला, जिथे जिथे आमची माणसं उतरली तिथे हा प्रश्न आमच्या पिढीतल्या प्रत्येक घराने ऐकला आहे. काहींनी तो प्रेमाने विचारला, काहींनी संशयाने. संशय तर सरकारदरबारीही होता. १९६२ पासून रब्बींची मंडळं बेने इस्राएलांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी मागू लागली होती. आमच्या लोकांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, आणि १९६४ साली क्नेसेटला, म्हणजे संसदेला, ठराव करून सांगावं लागलं की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत. बोबेने ही बातमी आपल्या वर्तमानपत्रात वाचली आणि त्या संध्याकाळी खाली येऊन आजीचा हात हातात घेऊन पुष्कळ वेळ बोलत बसली. सगळं यिडिशमध्ये. आजी मधून मधून म्हणत होती, “होय बाई, होय.”

दोघींचं असंच चालायचं. बोबे पूर्ण वाक्यं यिडिशमध्ये बोलायची, आजी पूर्ण वाक्यं मराठीत. कुणीही आपलं वाक्य समोरचीसाठी सोपं करत नसे. मुलांना दुभाषी म्हणून बोलवायच्या त्या फक्त पैशांच्या आणि औषधांच्या बाबतीत. बाकी सगळं त्यांचं त्यांना कळायचं. दोघींच्या भाषांत सामाईक होते ते तोराहमधले शब्द, तेही निरनिराळ्या तोंडांनी बोलले जाणारे. आजी म्हणायची शब्बाथ, बोबे म्हणायची शाबेस, आणि शाळेत बाई सांगायच्या की दोन्ही चूक, शब्बात म्हणा. शुक्रवारी दिवेलागणीला आजी काचेच्या पेल्यात पाणी आणि वर खोबरेल घालून वाती लावायची, बोबे मेणबत्त्या लावून दोन्ही हातांनी डोळे झाकायची. शनिवारी तारे दिसायला लागले की वरून तिचा हळू आवाज यायचा. ‘गोट फुन अव्रोम’ ही बायकांची प्रार्थना शाबेस सरताना म्हणायची, आणि ती यिडिशमध्येच म्हणायची असते. शाबेसला निरोप देणारी पुरुषांची हवदाला हिब्रूत, बायकांची ही यिडिशमध्ये. तेव्हा यात आम्हाला काही विशेष वाटलं नाही, कारण आमच्या घरीही वडील हिब्रू म्हणायचे आणि आजी एलियाहू हन्नबीला, म्हणजे प्रेषित एलियाहूला, मराठीत साकडं घालायची.

गुरुवारी बोबेच्या न्हाणीत मासा असायचा. किबुत्झच्या, म्हणजे सामूहिक शेतवस्त्यांच्या, तळ्यांतले कार्प बाजारात जिवंत विकायला यायचे. बोबे त्यातला एक ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची आणि टबात सोडायची. तो रात्रभर तिथे फिरायचा, आम्ही टबाच्या काठाला हनुवटी टेकून त्याच्या मिशा पाहायचो. शुक्रवारी शाळेतून येईपर्यंत टब घासून कोरडा झालेला असायचा आणि वरून लाकडावर पातं आपटल्याचा आवाज येत असायचा. आपल्या काठवटीसारखं खोलगट लाकडी भांडं आणि अर्धचंद्राच्या पात्याचा चिरणा. मासा, कांदा, अंडं, मात्झाचा, म्हणजे बेखमीर रोटीचा, रवा, हे सगळं ती इतका वेळ चिरायची की शेवटी चिरण्याऐवजी थोपटल्याचा आवाज यायला लागायचा. ‘गेफिल्टे’ म्हणजे भरलेला. जुन्या पद्धतीत हे सारण परत माशाच्या कातड्यात भरून शिजवतात. आजीने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती एकदम म्हणाली, “अगं, हे तर आपलं भरलं पापलेट!” त्यानंतर तिचा बोबेवर विश्वास बसला. मात्र कार्पच्या गाळाच्या वासाचं तिला कधीच पटलं नाही. ती त्याला हळद, मीठ आणि लिंबू लावून ठेवायची, मग चिंचेत शिजवायची, आणि एक वाटी वर पाठवायची. समोरच्या लोद्झच्या बाई माशात साखर घालायच्या. पोलंडमधल्यांचा मासा गोड आणि लिथुआनियातल्यांचा मिरीचा, ही त्यांच्यातली जुनी हद्द. बोबे मिरीवाली. साखरेच्या माशाबद्दल ती जिन्यात उभी राहून जे बोलायची ते आमच्या पिढीला आजही तोंडपाठ आहे.

लहान मुलींना बोबे ‘मामेले’ म्हणायची, मुलांना ‘तातेले’. मामे म्हणजे आई, ताते म्हणजे वडील, आणि ‘ले’ हा लाडाचा प्रत्यय. चार वर्षांच्या पोरीला ‘छोटी आई’ म्हणणं शाळेतल्या हिब्रूत बसत नव्हतं. मला मात्र ते ऐकताक्षणी कळलं, कारण खाली आजी मला “ये गं माझे आई” म्हणायची आणि धाकट्या भावाला “असं नको करू रे बाबा”.

‘मामे-लोशन’, म्हणजे आईची भाषा, हा शब्द मी प्रथम पाहिला तो बोबेच्या वर्तमानपत्रात. ‘लेट्स्टे नायेस’, म्हणजे ताज्या बातम्या. मोर्दखाय त्सानिन यांनी १९४९ साली तेल अवीवमध्ये काढलेलं हे पत्र. तेव्हा यिडिशमध्ये दैनिक काढायला सरकार परवानगी देत नव्हतं, म्हणून त्सानिन एका दिवशी ‘लेट्स्टे नायेस’ आणि दुसऱ्या दिवशी ‘हायन्टिके नायेस’ अशा दोन नावांनी अंक काढायचे. वाचकांना रोज पेपर मिळायचा आणि कायद्यालाही धक्का लागायचा नाही. यिडिश लिहिली जाते हिब्रू अक्षरांत. त्यामुळे आम्हा शाळकरी पोरांना वाटायचं, हे तर आपल्याला वाचता येतं. मोठ्याने वाचायला लागलो की खोलीतली सगळी मोठी माणसं हसून हसून बेजार. हिब्रूत स्वर बहुतेक लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने ओळखायचे असतात. यिडिशने मात्र काही अक्षरं स्वरांच्या कामाला लावली. आलेफचा अ किंवा ओ झाला. आयिन हे अक्षर खालच्या मजल्यावरचे मराकेशचे आजोबा घशाच्या तळातून काढायचे, त्याचा यिडिशमध्ये साधा ए झाला.

बोबेने कांदा चिरून काळपट झालेलं बोट एका शब्दावर ठेवलं. मेम, आलेफ, मेम, आयिन. “मामे,” ती म्हणाली. मग बोट पुढे सरकवलं. लामेद, शिन, वाव, नून. हा आमच्या ओळखीचा होता. शाळेत रोज लिहायचो. “लाशोन!” आम्ही ओरडलो. “लूशन,” ती म्हणाली. तिच्याकडचा उच्चार तसा. लिथुआनियाकडचे लोशन म्हणतात, पुस्तकांतही लोशनच येतं, चेर्नोवित्सच्या तोंडी मात्र लूशन. कूगल नावाचा पदार्थही तिच्याकडे कीगल होता.

या एका जोडशब्दात लेखनाचे दोन कायदे शेजारी शेजारी उभे आहेत. ‘मामे’ जशी ऐकू येते तशी लिहिलेली. ‘लोशन’ मात्र तोराहमध्ये लिहितात तसा, अक्षराला अक्षर, मग उच्चार कितीही बदललेला असो. यिडिशमध्ये हिब्रूतून आलेल्या प्रत्येक शब्दाचा हा मान राखला जातो. पुढे मोठेपणी मी यिडिश थोडी रीतसर शिकले तेव्हा या शब्दाचं आणखी एक वैशिष्ट्य लक्षात आलं आणि तेव्हापासून तो मला फार मोलाचा वाटतो. यिडिशमध्ये भाषेला रोजचा शब्द आहे ‘श्प्राख’. आईला जरा औपचारिक शब्द आहे ‘मुटर’. दोन्ही जर्मनचे सख्खे, आणि जर्मनमध्ये ‘मुटरश्प्राखे’ हा शब्द तयारच आहे. तोच उचलायला काय हरकत होती? पण यिडिश बोलणाऱ्यांनी आईसाठी बाळाच्या तोंडचा शब्द घेतला आणि भाषेसाठी पंडिताच्या कपाटातला.

कारण त्यांच्या डोळ्यांसमोर जोडी होती ती वेगळीच. ‘लोशन-कोयदेश’ म्हणजे पवित्र भाषा: तोराहची हिब्रू आणि तालमुदची अरामी. मुलगा तीन-चार वर्षांचा झाला की त्याला खेदेरमध्ये, म्हणजे मुलांच्या धर्मशाळेत, घालायचे आणि तिथे तो लोशन-कोयदेश शिकायचा. मुलीला सहसा कुणी घालत नसे. म्हणून एक भाषा वडिलांच्या मांडीवरच्या ग्रंथाची आणि दुसरी आईच्या चुलीजवळची. पण चुलीजवळच्या भाषेचं नाव ठेवताना त्यांनी तिला ‘श्प्राख’च्या रांगेत बसवलं नाही. तिलाही ‘लोशन’ म्हटलं, म्हणजे पवित्र भाषेला जो शब्द तोच तिलाही. हे कुणी ठरवून केलं असेल असं नाही. घरोघरच्या बोलण्यातून ते झालं. तरी मला यात त्या अनाम बायकांचा न्याय दिसतो.

यिडिशची जुनी नावं निराळी होती. ‘ताइच’ हे एक. ‘डॉइच’, म्हणजे जर्मन, याचाच तो भाऊ. त्यातून ‘फारताइचन’ हे क्रियापद आलं, अर्थ उलगडून सांगणे. खेदेरमध्ये मास्तर हिब्रू ओळ वाचायचा आणि तिचं ताइच करायचा. ‘झार्गोन’ हे दुसरं नाव, हिणवणारं. शिकलेली माणसं ते वापरायची आणि शोलेम आलेखेमसारखा या भाषेचा लाडका लेखकसुद्धा ते सहज वापरून जायचा. हिणवणाऱ्यांचा आक्षेप असा की ही भेसळ आहे. भेसळ होतीच. आजोबा म्हणजे ‘झेयदे’ आणि आजी म्हणजे ‘बोबे’ हे स्लाव्ह शेजाऱ्यांकडून आले. जेवणानंतरच्या प्रार्थनेला ‘बेन्चन’ म्हणतात, त्याच्या तळाशी लॅटिन आहे. ऱ्हाइनच्या काठी येण्याआधी या लोकांचे पूर्वज रोमान्स भाषा बोलत होते त्याची ती खूण. ‘मिश्पोखे’, म्हणजे कुटुंब, हिब्रू. सांगाडा जर्मन. आणि वय म्हणाल तर वर्म्स शहरातल्या १२७२ सालच्या हस्तलिखित प्रार्थनापुस्तकात या भाषेतली एक ओळ सापडते. ते जाडजूड पुस्तक सभास्थानापर्यंत जो वाहून नेईल त्याला आशीर्वाद देणारी. हिब्रू मजकुरातल्या मोठ्या अक्षरांच्या पोकळीत ती लिहिलेली आहे. यिडिशची तारीख असलेली ही सगळ्यांत जुनी ओळ, आणि ती आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

बोबेकडे एक ‘त्सेने-रेने’ होतं, पुठ्ठा गेलेलं, दोऱ्याने बांधलेलं. तोराहच्या कथा, त्यांवरची भाष्यं आणि उपदेश असं सगळं बायकांसाठी यिडिशमध्ये सांगणारं हे पुस्तक यानोव्हच्या याकोब बेन इसाक यांनी रचलं. हाती असलेली त्याची सगळ्यांत जुनी आवृत्ती १६२२ची, आणि पुढे दोनशेहून अधिक आवृत्त्या निघाल्या. शनिवारी दुपारी बोबे ते खिडकीपाशी बसून हेल काढून वाचायची आणि साराह किंवा राखेल यांच्या दुःखाशी आली की पदराला शोधावं तसा तिचा हात एप्रनचं टोक शोधायचा. माझ्या आजीच्या ट्रंकेत मराठी हगादा होता. मुंबईत १८४६ साली शिळाप्रेसवर मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला, पुण्यात १८७४ साली चित्रांसह. वल्हांडणाच्या रात्री मिसरातून सुटका कशी झाली हे आम्ही मराठीत ऐकलं. आमच्या सणांची नावंसुद्धा आईकडची आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. दारफाळणी म्हणजे योम किप्पूर, त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं म्हणून. शाळेत मी एकदा दारफाळणी म्हणून गेले तेव्हा वर्ग हसला, आणि बोबेला ते सांगितलं तेव्हा तिने तो शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला.

बोबेचं चेर्नोवित्स तिच्या लहानपणी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, पुढे रुमानियात गेलं, मग सोव्हिएत संघात, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथे १९०८ सालच्या ३० ऑगस्टपासून यिडिश भाषेची पहिली मोठी परिषद भरली. बोलावणारे नाथान बिर्नबाउम. ‘झिऑनिझम’ हा शब्द ज्यांनी घडवला तेच हे गृहस्थ. व्हिएन्नात जर्मनमध्ये वाढले होते, यिडिश त्यांना मोठेपणी शिकावी लागली. परिषदेला यिडिशचे मोठे लेखक पेरेत्झ आले होते. भांडण झालं ते एका छोट्याशा गोष्टीवर: यिडिश ही यहुदी लोकांची राष्ट्रभाषा म्हणायची की एक राष्ट्रभाषा. हिब्रूवाल्यांचा मान राखून ‘एक’ असं ठरलं. झार्गोनचं नाव टाकून भाषा ताठ उभी राहिली ती तेव्हापासून. १९२५ साली विल्नामध्ये यिवो ही संशोधनसंस्था निघाली, आणि खेडोपाडीचे स्वयंसेवक तिच्यासाठी म्हणी, गाणी, शब्द गोळा करून पाठवू लागले. बोबेला परिषदेतल्या ठरावाचं फार कौतुक नव्हतं. पण आपल्या गावात मोठमोठे लेखक आले होते आणि आपण लहानपणी त्यांना रस्त्यात पाहिलं, हे ती नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

ज्या देशात आम्ही सगळे आलो तिथे मात्र मामे-लोशनचे हाल झाले. १९२३ साली तेल अवीवमध्ये विद्यार्थ्यांनी हिब्रूच्या रक्षणासाठी एक दल काढलं होतं. १९३० साली ‘मायने यिडिशे मामे’ हा बोलपट तिथल्या मोग्राबी थिएटरात लागला तेव्हा त्या दलाच्या मुलांनी पडद्यावर शाई फेकून खेळ बंद पाडायचा प्रयत्न केला. राज्य स्थापन झाल्यावर स्थानिक मंडळींनी यिडिश नाटकं करू नयेत असा सरकारी आदेश होता, आणि एका नाटकमंडळीने १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन तो उलथवला. मला दोन्ही बाजू कळतात. जगाच्या सत्तर कोपऱ्यांतून आलेल्या माणसांना एक भाषा हवी होती आणि हिब्रूशिवाय ती दुसरी असूच शकत नव्हती. मी आणि बोबेची नात एकमेकींच्या मैत्रिणी झालो त्याही हिब्रूतच. पण ती भाषा उभी करण्यासाठी आज्यांना गप्प करायची गरज नव्हती, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या पिढीच्या घरांतून तेच घडलं. आजी विचारायची यिडिशमध्ये, नात उत्तर द्यायची हिब्रूत. आजी विचारायची मराठीत, आम्ही उत्तर द्यायचो हिब्रूत. बसमध्ये आजी मोठ्याने बोलायला लागली की आम्ही खिडकीबाहेर पाहायचो. ज्यांची बोबे होती त्या मुलांच्या घरी आणखी एक गोष्ट होती. मोठ्या माणसांना मुलांपासून काही लपवायचं असलं की ती यिडिशमध्ये शिरायची. पैसे, आजार, आणि ‘तिकडचं’. बोबेच्या बाबतीत ‘तिकडचं’ म्हणजे ट्रान्सनिस्ट्रिया. १९४१ साली रुमानियाच्या सैन्याने बुकोविनाच्या, म्हणजे चेर्नोवित्सच्या प्रांतातल्या, यहुद्यांना द्निएस्टर नदीपलीकडे हाकललं. भूक आणि टायफस यांनी तिथे माणसं हजारोंनी गेली. बोबेचा नवरा आणि थोरला मुलगा तिकडेच राहिले. नातीला हे सगळं दारामागे उभं राहून, अर्धंमुर्धं कळलेल्या यिडिशमधून समजलं. युद्धाआधी जगात यिडिश बोलणारे सुमारे १ कोटी १० लाख होते, आणि मारल्या गेलेल्या ६० लाख यहुद्यांतल्या बहुतेकांची ती मामे-लोशन होती. वरच्या मजल्यावर बोबेशी तिच्या वयाचं कुणी बोलायला नव्हतं याचं कारण हे.

आता आम्हीच आज्या झालो आहोत. बोबेच्या नातीने निवृत्तीनंतर यिडिशचा वर्ग लावला आणि मलाही ओढलं. बोबेची पुस्तकं तिने तेल अवीवच्या मध्यवर्ती बसस्थानकात नेऊन दिली. त्या अजस्र इमारतीच्या पाचव्या मजल्यावर ‘युंग यिडिश’ नावाचं वाचनालय आहे, मेंडी काहान यांनी उभं केलेलं, जिथे लोक आपापल्या आजोबांची खोकी आणून ठेवतात. १९९६ साली क्नेसेटने यिडिशच्या जतनासाठी कायदाही केला. जिथे यिडिश आजही पाळण्यापासून बोलली जाते ती घरं हसिदी, म्हणजे कर्मठ यहुदी, लोकांची, ब्नेई ब्राकमध्ये, जेरुसलेममध्ये, ब्रुकलिनमध्ये. त्यातही इस्राएलमधल्या बऱ्याच हसिदी घरांत मुलींच्या शाळा हिब्रूत चालतात आणि यिडिश टिकते ती मुलग्यांच्या येशिवांत, म्हणजे धर्मपाठशाळांत, तालमुद समजावताना. आईच्या नावाची भाषा तिथे वडिलांकडे गेली आहे.

माझ्या घरी नातीने एकदा टेबलावरचं ‘मायबोली’ उचललं. नोहा मस्सील यांनी इस्राएलमध्ये चालवलेलं आमचं मराठी नियतकालिक. तिने नावाचा अर्थ विचारला. मी सांगत होते तेवढ्यात बोबेची नात म्हणाली, “म्हणजे मामे-लोशनच की!” मग आम्ही दोघींनी तिच्या नातवंडांसाठी आणि माझ्या नातवंडांसाठी एक यादी करायला घेतली: जिन्यात बोलले जाणारे शब्द, मराठी, यिडिश आणि मराकेशची अरबी, तिन्ही रकाने हिब्रू अक्षरांत. जिन्यातली इतर मुलंही फोनवरून शब्द पाठवू लागली.

‘लोशन’ लिहायची वेळ आली आणि भांडण लागलं. बोबेच्या नातीचा नवरा खार्कीवचा, १९९०च्या लाटेत आलेला. त्याच्या आजीकडची यिडिश पुस्तकं सोव्हिएत छापाची. हिब्रूशी आणि धर्माशी नातं तुटावं म्हणून त्या राजवटीने हिब्रूतून आलेले शब्दही जसे ऐकू येतात तसे लिहायला लावले होते, त्यामुळे त्याच्या आजीच्या ‘लोशन’मध्ये आलेफ आहे आणि वाव नाही. नात म्हणते, हे सरकारने लादलेलं स्पेलिंग, आपल्या यादीत नको. तो म्हणतो, सरकार गेलं चुलीत, माझी आजी त्याच अक्षरांत वाचायला शिकली आणि त्याच अक्षरांत तिने मला पत्रं लिहिली. मी लामेद, शिन, वाव, नून या बाजूची आहे आणि ते मी त्याला सांगितलंही. तरी त्याची आजी यादीतून काढून टाकायला माझा हात होईना. सध्या दोन्ही स्पेलिंगं एकाखाली एक ठेवली आहेत. पुढचा शब्द कूगल आहे, आणि लोद्झच्या बाईंचा भाचा आत्तापासून विचारतोय की त्यात साखर लिहायची की मिरी.